सेक्रेटरीच्याच हाती

साठच्या दशकात दुबईत माझ्याएवढा मोठा चित्रकार दुसरा कुणी नाही, असं माझं पक्कं मत होतं. हे मत खोडायला आमच्या गल्लीत दुसरा चित्रकारच नव्हता, म्हणून ते बरेच दिवस टिकलं. वय चोवीस. शिक्षण मॅट्रिक, रत्नागिरीत. त्यावर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा ड्रॉइंगच्या दोन्ही सरकारी परीक्षा, दुसरीत बी ग्रेड. ते बी ग्रेडचं सर्टिफिकेट मी लग्नाच्या पेटीत दागिन्यांच्या खाली ठेवून आणलं होतं. दागिने इतके कमी होते की सर्टिफिकेट वरूनच दिसायचं.

आम्ही दुबईच्या देरा भागात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहायचो. दोन खोल्या, पुढे चौक, आणि चौकाच्या पलीकडे आताच्या रायगडचं, तेव्हाच्या कुलाब्याचं एक कुटुंब. त्यातल्या भाबीचा आणि माझा चौक एक, पाण्याचा रांजण एक, आणि रोजचं भांडणही एकच. गोडं पाणी गाढवावरून रॉकेलच्या डब्यांत यायचं. माझा नवरा एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात कारकून. तो सकाळी गेला की दुपारच्या जेवणापर्यंत चौकाची सावली माझी. तिथे बसून मी चित्रं काढायची. रंगाच्या बाटल्या मुंबईहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागवायच्या आणि कागद म्हणजे ऑफिसात रद्द झालेले समुद्राचे नकाशे. त्यांची पाठ कोरी आणि जाड असायची. माझ्या प्रत्येक चित्राच्या मागे इराणचा किनारा होता. चित्र उलटं धरलं तर निदान खोली किती आहे हे तरी कळलं असतं.

जहाजावरचे अधिकारी वाचून झालेली इंग्रजी मासिकं ऑफिसात टाकून जात आणि नवरा ती घरी आणायचा, फळीवर अंथरायला. अशाच एका मासिकाचं पान मसाल्याच्या डब्यांखाली घालताना मला ती जाहिरात दिसली. डिक्शनरी घेऊन मी ती तीन दुपारी वाचली. अर्जेंटिना देशात, बुएनोस आयरेस शहरात, चित्रकार आणि शिल्पकारांचं एक निवासगृह आहे. आशिया आणि आफ्रिकेतल्या काही तरुण कलाकारांना ते वर्षभर राहायला बोलावतात. राहायला खोली. काम करायला मोठ्या खिडकीचा स्टुडिओ. रंगांचा, कागदांचा खर्च त्यांचा. जेवण त्यांचं. महिन्याला हातखर्चाला काही रक्कम आणि जाण्यायेण्याचं जहाजाचं भाडं. वर्षअखेर प्रदर्शन. अट एवढीच की वय तिशीच्या आत हवं, सहा चित्रांचे फोटो हवेत, दोन प्रतिष्ठित माणसांची शिफारस हवी, आणि आपल्या कामाविषयी एक पानभर मजकूर. सगळं सेक्रेटरीच्या नावे पाठवायचं. शेवटच्या तारखेला सहा महिने होते.

जेवण त्यांचं, हे मी पुन्हा वाचलं. वर्षभर कुणी भात चढवला का म्हणून विचारणार नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात त्याची चौकशी असायची. आता हसू येतं, पण तेव्हा मला खरोखर वाटलं की ती जाहिरात छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मीच होते. फक्त त्याला माझा पत्ता माहीत नव्हता, एवढंच.

नवरा जेवताना मासळीचे काटे काढत होता तेव्हा मी विषय काढला.

"अवो, मी एक अर्ज करू?"

"कसला?"

"अर्जेंटिनाला जायचा. एक वर्षासाठी."

"एकटीने?"

"स्टुडिओ देतात."

त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इन्शाल्ला."

आता गल्फमध्ये राहून जिला इन्शाल्ला ओळखता येत नाही तिने उंटावरून प्रवास करू नये. व्यापारी माल पाठवणार असेल तर म्हणतो, उद्या पाठवतो. पाठवणार नसेल तर म्हणतो, इन्शाल्ला. हे मला पुढे दहा वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि आनंदाने त्याच्या ताटात आणखी एक सुरमईची तुकडी वाढली.

बिचाऱ्याने अर्ज मात्र मनापासून लिहून दिला. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं, लिहिण्यापुरतं नव्हतं. त्याचं इंग्रजी मालाच्या पत्रव्यवहाराचं. त्यामुळे माझ्या कलेविषयीचं ते एक पान 'विथ रेफरन्स टू युअर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट, आय बेग टू स्टेट' असं सुरू झालं आणि 'सिक्स पेंटिंग्ज, गुड कंडिशन, काइंडली अ‍ॅक्नॉलेज रिसीट' असं संपलं. मध्ये मी स्वतः एक वाक्य घालायला लावलं, की मला लहानपणापासून सौंदर्याची ओढ आहे. नवरा म्हणाला, "हे कशाला? माल त्यांच्यासमोर आहे ना?" मी हट्ट धरला. वाक्य राहिलं.

एक शिफारस त्याच्या ऑफिसातल्या बड्या साहेबाची. साहेबाने माझं एकही चित्र न बघता लिहिलं, की बाई सद्वर्तनी आहे आणि तिचा नवरा वेळेवर कामावर येतो. दुसरी आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांची. ती गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर यायला दोन महिने लागले. मास्तर सच्चे होते. त्यांनी लिहिलं, "निसर्गचित्रात हात बरा. मनुष्याकृतीत सराव कमी. संधी मिळाल्यास शिकेल." मला इतका राग आला की ते पत्र मी दोन दिवस अर्जाला जोडलंच नाही. 'शिकेल' म्हणे! मी तिथे शिकायला चालले नव्हते. मी तिथे दिसायला चालले होते.

फोटोंचा प्रश्न आला तेव्हा मी एक थोर निर्णय घेतला. बाजारात पासपोर्टचे फोटो काढणारा एक होता. त्याला चित्राचे फोटो काढता येतील का, विचारलं, तर म्हणाला, "बेटी, चित्र स्टुलावर कसं बसवायचं?" मी म्हटलं, मरू दे. फोटो कशाला? खरी चित्रंच पाठवते. असली देणारा समोर असताना नक्कल कोण मागेल? दोन वर्षांत काढलेल्यांपैकी सगळ्यांत चांगली सहा निवडली. खाडीतल्या अब्रा, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्या. पाणी भरणाऱ्या बाया. वारा खोलीत उतरवणारे मनोरे असलेली घरं. तेवढीच होती, त्यांची दुसरी प्रत नव्हती.

आणि मग ती चूक झाली. ती फक्त आमच्या लोकांकडूनच होऊ शकते.

पोस्ट ऑफिस आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. त्याला खिडकी होती, तिकिटं होती, शिक्का होता. पण आमच्या किनाऱ्याच्या माणसाने महत्त्वाची वस्तू पोस्टाने पाठवली असं कुणी ऐकलं आहे? लोणचं, औषध, सोनं, लग्नाचं कापड, भांडणाचा निरोप, सगळं जाणाऱ्या माणसाच्या हाती. खाडीवर उतरणारा प्रत्येक जण चार घरांच्या पिशव्या घेऊन उतरायचा, आणि परत जाताना आठ घरांच्या घेऊन जायचा. पोस्टावर खुशालीचं पत्र सोपवायचं, आणि ते हरवलं तर माणूस खुशाल असणारच, असं समजायचं.

"पोस्टाने?" भाबी म्हणाली. "अगो, पोस्टात तुझा कोण आहे?"

कुणीच नव्हतं. बुएनोस आयरेसच्या वाटेवर मात्र होता. माझा सख्खा मामू. तो मालवाहू जहाजांवर भंडारी होता, भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. मुंबईत तो गावकीच्या खोलीत उतरायचा, आणि त्याच महिन्यात निरोप आला होता की कलकत्त्याहून तागाची पोती भरून अर्जेंटिनाला जाणाऱ्या जहाजावर त्याची भरती झाली आहे. यापेक्षा मोठा इशारा अल्लाने आणखी काय द्यायचा? नवरासुद्धा चकित झाला. इतका की इन्शाल्ला म्हणायचं विसरला.

मी सहा चित्रं दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवली, वर मेणकापड, वर मांजरपाट, चारी बाजू बारीक टाक्याने शिवल्या, आणि ऑफिसातून आणलेल्या लाखेची चार सील ठोकली. पत्ता ब्रशने रंगवला, अक्षरांना सावली देऊन. मुंबईला निघालेल्या आमच्या गावच्या एका शिंप्याच्या हाती ते दिलं आणि सोबत मामूला पत्र. मामूला वाचता येत नव्हतं, पण गावकीच्या खोलीत मुनशी होता. पत्रात मी लिहिलं, "मामू, ही माझी अमानत आहे. सेक्रेटरीच्याच हाती द्या. शिपाई, कारकून, बाई, बुवा, कुणीही मागितली तरी देऊ नका." त्या ओळीखाली लाल शाईने तीन रेघा मारल्या. शिंप्याकडून तोंडी तीनदा घोकून घेतलं ते वेगळंच.

मला धास्ती होती, की मधल्यामध्ये एखादा कारकून माझी चित्रं पळवेल आणि स्वतःच्या नावावर लावेल. हसा, हसा. माझी नातसुद्धा हसते. ती अल नहदाला बाविसाव्या मजल्यावर राहते आणि अशा अर्जांची फाइल बोटाच्या एका टोकाने पाठवते. तिला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "दादी, वाय डिडन्ट यू जस्ट पोस्ट इट?" मी म्हटलं, पोस्टमन माझ्या आईचा भाऊ नव्हता. ती म्हणाली, "दॅट मेक्स नो सेन्स." तिचं बरोबर आहे. पण मामूने माझ्या जन्माच्या वेळी सुईणीला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता. असा माणूस असताना खिडकीतल्या अनोळखी हातात दोन वर्षांची कमाई कोण देईल?

मामूच्या हाती ते पोचलं, असा निरोप आला. मग चार-पाच महिन्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं त्याचं पत्र आलं, कुठल्या तरी बंदरातून. सगळ्यांना सलाम, तब्येत बरी, आणि खाली एक ओळ. "तू सांगितलेल्या ठिकाणी जाऊन आलो. फार मोठी जागा आहे. बाकी समक्ष भेटीत."

ती ओळ मी भाबीला वाचून दाखवली. आम्ही दोघींनी अर्थ लावला. काम झालं नसेल तर माणूस तसं लिहितो. झालं असेल तरच समक्ष सांगायला ठेवतो, तोंड गोड करून घ्यायला. म्हणजे झालं.

इथून पुढे मी जे केलं ते लिहायला मला आजही लाज वाटते, पण मजाही येते. मासिकातल्या एका लेखावरून मला कळलं होतं की त्या देशात आपल्या मे-जूनमध्ये थंडी पडते. मी मुंबईहून एका येणाऱ्याबरोबर लोकरीचा कोट मागवला. जुना होता, बटणं मोठी. दुबईच्या उन्हाळ्यात, रांजणातलं पाणीसुद्धा जेव्हा चहासारखं व्हायचं, तेव्हा मी तो कोट घालून चौकात फेऱ्या मारत होते.

"काय गो, ताप भरला?" भाबीने विचारलं.

"सराव करते."

"कसला? कबरीतला?"

भाबी तोंडाची तिखट, पण मी वर्षभर जाणार म्हणून मनातून रडवेली झाली होती. तिला मी माझं कालवणाचं मोठं पातेलं देऊन टाकलं, तवा दिला, जातं दिलं. नवऱ्याच्या दोन वेळच्या जेवणाचं तिच्याशी ठरवून टाकलं, नवऱ्याला न विचारता. ऑफिसातल्या लोकांच्या बायकांना, पाणीवाल्याला, कापडवाल्या सिंध्याला, सगळ्यांना सांगून झालं. निवडीचं पत्र मात्र येत नव्हतं. शेवटची तारीख गेली, निकालाचा महिना गेला. मी सगळ्यांना सांगायची, "पोस्टाचा काही भरवसा नाही, मी म्हणतच होते."

पार्सल गेल्याला चौदा महिने झाले तेव्हा एका सकाळी दारात मामू उभा राहिला.

मोठी जहाजं तेव्हा खाडीत येत नसत. बाहेर समुद्रात नांगर टाकायची, आणि माल छोट्या बार्जमधून किनाऱ्याला यायचा. त्याच बार्जमधून मामू आला होता. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. "अगो, हायस का घरात?" म्हणत आत आला, चटईवर बसला, पाणी प्याला. मग दोन्ही हातांनी तो टॉवेल उलगडला, आणि माझ्यासमोर माझं पार्सल ठेवलं.

"घे. आधी सील बघ."

चारही सील शाबूत होती. मी शिवलेला एक टाका उसवला नव्हता. पत्त्याच्या अक्षरांची सावलीसुद्धा तशीच होती.

"मामू, हे परत का आणलंत?"

"मग काय समुद्रात टाकू?"

मी चुलीपाशी जाऊन बसले. तो पाठमोऱ्या मला सांगत राहिला, आणि आवाजात एवढा आनंद होता की मला वळून त्याच्याकडे बघण्याची हिंमत झाली नाही.

"जहाज पाच दिवस धक्क्याला. पहिल्याच सुट्टीला गेलो. दारावर एक म्हातारा. म्हणतो, दे इकडे. मी म्हटलं, नो. सेक्रेटरी. त्याने आत नेलं. आत एक बाई मशिनवर खटखट करत होती. इंग्लिश बोलायची, माझ्यासारखीच, लंगडी. म्हणते, सेक्रेटरी गावाला गेलाय, सोमवारी येणार. मी घेते, सही देते, शिक्का देते."

"शिक्का देत होती?"

"अगो, काढून टेबलावर ठेवला होता शिक्का! पण मी फसणारा आहे का? दोन दिवसांनी परत गेलो. तिने कॉफी दिली, केक दिला. एवढी गोड बोलायला लागली म्हटल्यावर मी ओळखलं, काहीतरी काळंबेरं आहे. तिसऱ्या खेपेला तर तिने हात जोडले. लास्ट डे, लास्ट डे, म्हणते. मी म्हटलं, बाय, तुझा असेल लास्ट डे. माझ्या भाचीने खाली तीन रेघा मारल्यात." तो हसला. "शनिवारी जहाज सुटलं."

"मग तिथूनच पोस्टात टाकायचं, मामू."

तो हसायचा थांबला. "पोस्टात? अमानत?"

त्याने मग सांगितलं, की पार्सल त्याने तांदळाच्या पिंपात ठेवलं होतं, ओल लागू नये म्हणून. मुंबईला उतरल्यावर कुणाच्या तरी हाती पाठवता आलं असतं, पण मन होईना. म्हणून गावी न जाता, मामीला न भेटता, त्याने लगेच गल्फच्या जहाजावर सही केली होती. दीड वर्षात तो घरी गेला नव्हता. माझं पार्सल माझ्या हातात देण्यासाठी.

"जागा कशी होती?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

"मोठी. बाईने फिरवून दाखवली, मला पटवायला. एकेकाला एकेक खोली. एक काळी पोरगी होती, आफ्रिकेची असेल, केसांना रंग लागलेला, जमिनीवर बसून काम करत होती. मला बघून हसली. दुसरी खोली रिकामी होती."

"खिडकी?"

"होती की. एवढी." त्याने दोन्ही हात पसरले, मग पुरेना म्हणून उठून उभा राहिला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. "एवढी."

मी त्याला जेवू घातलं. पातेलं भाबीकडून मागून आणावं लागलं. तिने ते दिलं, आणि तवा, जातंसुद्धा तिच्या पोराबरोबर न पाठवता स्वतः उचलून आणून ठेवलं. त्या दिवशी आमचं भांडण झालं नाही. मामू तीन वेळा भात घेऊन जेवला. जेवल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मला समजलं की तो वाट पाहतोय. मी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हटलं, "मामू, असं कुणीही केलं नसतं." यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

नवरा दुपारी आला. चटईवरचं पार्सल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मामूच्या गळ्यात पडला आणि त्याला बार्जपर्यंत सोडून आला. परतल्यावर एवढंच म्हणाला, "मी लिहितो त्यांना. पोस्टाने." आणि या वेळी इन्शाल्ला म्हणाला नाही. त्याने खरंच लिहिलं. मालाच्या इंग्रजीत, झालेला विलंब माफ करून पुढच्या वर्षी विचार व्हावा म्हणून. तीन महिन्यांनी उत्तर आलं, तेही पोस्टाने, अगदी व्यवस्थित. छापील कार्ड होतं. निधीअभावी परदेशी कलाकारांची योजना बंद करण्यात आली आहे, आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. खाली सेक्रेटरीची सही. त्या गृहस्थाच्या हस्ताक्षराशी माझा तेवढाच संबंध आला.

पण कार्ड येण्याच्या खूप आधी, मामू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी पार्सल उसवलं होतं. सहा चित्रं काढून चौकाच्या भिंतीला ओळीने उभी केली. उत्तम स्थितीत होती. एक डाग नाही, एक सुरकुती नाही. चौदा महिने मी ती पाहिली नव्हती. पाहिली नव्हती म्हणून ती माझ्या डोक्यात रोज थोडी थोडी सुधारत गेली होती.

खाडी निळी होती. आमची खाडी कधी निळी नव्हती. हिरवट, तेलकट, दुपारी पांढरी, आणि मी तिच्यापासून हाकेवर राहत होते. मग हा निळा मी आणला कुठून? अब्रात बसलेली माणसं सगळी एकाच बाजूला तोंड करून बसलेली, जणू कुणीतरी फोटो काढतंय. पाणी भरून निघालेल्या बायांच्या डोक्यावर डबे होते, पण त्या डब्यांना वजन नव्हतं. एकीचीही मान दबलेली नव्हती. रोज मीच ते डबे उचलून रांजणात ओतत होते, आणि मला ते माहीत नव्हतं?

निवड झाली नसती. मामूने त्या बाईच्या हाती दिली असती, तिने शिक्का मारला असता, सोमवारी सेक्रेटरीने उघडली असती, तरी झाली नसती. वाईट याचं नाही. मामू वाटेत बुडाला असता, अल्ला माफ करो, किंवा उंदरांनी पार्सल खाल्लं असतं, किंवा पोस्टाने हरवलं असतं, तर मला जन्मभर सांगता आलं असतं की काय चित्रं होती म्हणून सांगू! माझ्या माणसाने तेवढंसुद्धा शिल्लक ठेवलं नाही. सगळं जसंच्या तसं आणून दिलं.

त्या भरलेल्या डब्याचं वजन कसं काढायचं, हे कदाचित त्या मोठ्या खिडकीत बसून कळलं असतं. वर्षभर, कुणी भात न मागता. पण तिथे निवड व्हायला ते वजन आधीच काढता यावं लागतं. हा हिशेब मला तेव्हाही सुटला नाही, आणि नातीलाही सुटताना दिसत नाही. तिलाही पत्रं येतात, आभाराची.

मी चित्रं काढणं सोडलं असं काही नाटक केलं नाही. रंग वाळले, नवे मागवले नाहीत, एवढंच झालं. पुढे मुलं झाली, घरं बदलली, खाडी ओलांडून गेलो, मग शारजाला आलो. चित्रं कुठल्या सामानाबरोबर कुठे गेली, आठवत नाही. कोट मात्र एकाला दिला, तो थंड देशात गेला.

मामू बऱ्याच वर्षांनी गावी वारला. मी योगायोगाने तिथे होते. बाहेर पुरुष बसले होते, आत आम्ही बायका, आणि मधल्या दारातून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणी म्हणालं, असा इमानदार माणूस होणं नाही. मग एकाने सुरुवात केली, की हा भाचीची अमानत घेऊन दुनियेच्या त्या टोकाला गेला, तिथल्या लोकांनी कॉफी दिली, केक दिला, हात जोडले, पण याने सील तुटू दिलं नाही, चौदा महिने उराशी धरून परत आणलं. मशिदीत पोरांना हीच गोष्ट सांगायचे म्हणे, अमानत कशी सांभाळावी म्हणून. माणसं हळहळली. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"अगो, ती भाची म्हणजे तूच ना? काय होतं त्यात एवढं?"

"कपडे होते," मी म्हटलं.